नेमणुकीच्या पत्रावरची तारीख बघा: पालिका कर्मचाऱ्याची पेन्शन आणि आजारपणाचा खर्च

गोव्यातल्या एकाच पालिकेतली तीन माणसं घ्या. पहिला १९९८ साली वसुली कारकून म्हणून लागला आणि कायम झाला. दुसरी २०११ मध्ये कनिष्ठ लिपिक म्हणून आली. तिसरा १४ वर्षं कचऱ्याच्या गाडीवर आहे, पण त्याचा पगार पालिका करत नाही, कंत्राटदार करतो. वाड्यावर तिघांचीही ओळख ‘पालिकेत आहे’ एवढीच. चतुर्थीच्या आधी पगार झाला का, ही चौकशीही तिघांकडे सारखीच होते. साठीनंतर मात्र तिघांच्या वाटा अशा फुटतात की एकाला लागू पडणारा सल्ला दुसऱ्याच्या काही कामाचा राहत नाही.

सल्ले तर भरपूर फिरत असतात. ‘नव्या लोकांना पेन्शनच नाही.’ ‘एनपीएसचे, म्हणजे नव्या पेन्शनीचे, पैसे शेअर बाजारात बुडतात.’ ‘कंत्राट बदललं की पीएफ काढून मोकळं व्हावं.’ ‘सरकारी माणसाला मेडिक्लेम कशाला?’ यातलं एकही पूर्ण खरं नाही. त्यामुळे ऐकीव गोष्टी बाजूला ठेवू आणि पगाराची स्लिप पुढ्यात घेऊन बसू.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. गोव्यात पणजीची एक महापालिका आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंत १३ नगरपालिका आहेत. नगरपालिका १९६८ च्या गोवा नगरपालिका कायद्याखाली चालतात, पणजी महापालिकेला २००२ चा स्वतंत्र कायदा आहे. म्हणजे पालिकेचा कर्मचारी हा तांत्रिकदृष्ट्या सचिवालयातल्या कर्मचाऱ्यासारखा थेट राज्य सरकारचा नोकर नव्हे. पगार, महागाई भत्ता, निवृत्तीचे नियम बहुतेक सरकारच्याच वळणाचे असतात, पण सरकारने स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेला प्रत्येक आदेश पालिकेला आपोआप चिकटतो असं समजू नका. आदेशात स्थानिक स्वराज्य संस्थांचा उल्लेख आहे का, किंवा नगरविकास खात्याने तो वेगळा लागू केलाय का, हे बघावं लागतं. पेपरात मोठी बातमी येते, कार्यालयात पेढे वाटले जातात आणि दोन महिन्यांनी कळतं की आपलं नाव त्या आदेशात नव्हतंच.

१९९८ वाल्याची गोष्ट

याचं सगळ्यात सोपं आहे, म्हणून लवकर आटपतो. गोवा सरकारने नवी पेन्शन पद्धत (एनपीएस) ५ ऑगस्ट २००५ पासून नेमल्या गेलेल्यांसाठी स्वीकारली. त्याआधी कायम पदावर आलेला माणूस जुन्या पेन्शनीत. नियम केंद्राच्या १९७२ च्या पेन्शन नियमांच्या चालीचे: किमान १० वर्षं सेवा झालेली हवी, आणि पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी. शेवटचं बेसिक ६०,००० असेल तर पेन्शन ३०,०००, वर तिच्यावर महागाई भत्ता. हा भत्ता दर सहा महिन्यांनी वाढतो, हाच या पद्धतीचा खरा प्राण. ८० व्या वर्षी मूळ पेन्शनीत २० टक्के भर पडते, ८५ ला ती ३० टक्के होते, ९० ला ४०. माघारी जोडीदाराला कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं, साधारणपणे शेवटच्या बेसिकच्या ३० टक्के. पेन्शनर लवकर गेला तर सुरुवातीची ७ वर्षं किंवा त्याची ६७ वर्षं पुरी होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तिथवर, ५० टक्के.

इथे लोक अडतात ते पेन्शन ‘विकण्याच्या’ प्रश्नावर. कागदावर त्याला अंशराशीकरण म्हणतात. पेन्शनीचा जास्तीत जास्त ४० टक्के भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसे घेता येतात. आपल्या उदाहरणात ३०,००० चे ४० टक्के म्हणजे १२,०००. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचा, म्हणजे पुढच्या वाढदिवसाला ६१ पुरी होणाऱ्याचा, गुणक ८.१९४ आहे. १२,००० गुणिले १२ महिने गुणिले ८.१९४ केलं की हातात ११ लाख ७९ हजार ९३६ रुपये येतात. पुढची १५ वर्षं महिना १२,००० कापले जातात, म्हणजे एकूण २१ लाख ६० हजार. मग पूर्ण पेन्शन परत सुरू होते. तोट्याचा सौदा वाटतो ना? थोडा आहे. पण महागाई भत्ता कापलेल्या पेन्शनीवर न देता पूर्ण ३०,००० वर देतात, शिवाय मध्येच माणूस गेला तर उरलेली कपात कुटुंबाकडून वसूल करत नाहीत. घरात महागडं कर्ज असेल तर विकावी, रक्कम नुसती बँकेत पडून राहणार असेल तर विकू नये, असं माझं मत.

याच्या पगारातून कापलेला भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे जीपीएफ, हा वेगळा. तो त्याचा स्वतःचा पैसा. किमान ६ टक्के कापावा लागतो, आणि २०२० च्या एप्रिलपासून व्याज ७.१ टक्क्यांवर थांबलेलं आहे.

२०११ वालीची गोष्ट, जी नीट वाचायला हवी

तिच्या स्लिपवर जीपीएफ नाही. तिथे एनपीएस आहे. बेसिक आणि महागाई मिळून जे होतं त्याच्या १० टक्के तिच्या पगारातून जातात, आणि वर मालक भर घालतो. केंद्र सरकार १ एप्रिल २०१९ पासून आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १४ टक्के घालतं. तुमची पालिका किती घालते ते स्लिपवर किंवा खात्याच्या उताऱ्यात स्पष्ट दिसतं. १० आणि १४ मधला फरक किरकोळ वाटला तरी २५ वर्षांत तो लाखांत जातो.

हे पैसे पालिकेकडे राहत नाहीत. प्रत्येकाला १२ आकडी प्रान क्रमांक असतो, त्याच्या नावावर पैसे जमा होतात, आणि पेन्शन फंड ते गुंतवतात. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ठरलेल्या वाटणीत बहुतेक पैसा सरकारी रोखे आणि कंपन्यांच्या कर्जरोख्यांत असतो, शेअर बाजारात थोडासा. त्यामुळे बाजार पडला की सगळं बुडालं, ही भीती फाजील आहे. खरी जोखीम दुसरीकडे आहे. पगारातून कापलेले पैसे प्रानपर्यंत वेळेत पोचतात का? कापले मार्चमध्ये आणि जमा झाले ऑगस्टमध्ये, तर मधल्या महिन्यांची वाढ गेली. म्हणून वर्षातून दोनदा, स्लिपा एका हाताला आणि प्रानचा उतारा दुसऱ्या हाताला घेऊन बसा आणि महिना महिन्याला जुळवा. उताऱ्यात टियर एकच्या, म्हणजे निवृत्तीसाठीच्या मुख्य खात्याच्या, रकान्यात दोन नोंदी दिसतात, एक तुमच्या वर्गणीची, एक मालकाच्या. एखादा महिना गायब असेल तर लेखा विभागाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि लेखा विभागातला माणूस बदलला की मागचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

आता शेवटाकडे जाऊ, कारण गैरसमज तिथेच जास्त. समजा तिचं बेसिक आणि महागाई मिळून ६०,००० आहे. तिचे ६,००० आणि मालकाचे १४ टक्क्यांनी ८,४००, असे महिना १४,४०० जातात. पगार वाढलाच नाही असं धरून चालू, हिशेब सोपा व्हावा म्हणून. २५ वर्षांत, वर्षाला ७ टक्के वाढ मिळाली तर साधारण १ कोटी १६ लाख जमतात. ९ टक्के मिळाली तर १ कोटी ६१ लाख. दोन टक्क्यांत ४५ लाखांचा फरक. त्यामुळे ‘एनपीएसमध्ये किती पेन्शन मिळेल?’ याचं नेमकं उत्तर कोणीच देऊ शकत नाही. जो देतो त्याच्यापासून जरा जपून.

कमी आकडाच धरू. १ कोटी १६ लाखांपैकी जास्तीत जास्त ६० टक्के, म्हणजे सुमारे ६९ लाख ६० हजार, हातात घेता येतात आणि त्यावर आयकर नाही. उरलेल्या ४० टक्क्यांची, म्हणजे ४६ लाख ४० हजारांची, विमा कंपनीकडून ॲन्युइटी घ्यावीच लागते. ही ॲन्युइटी म्हणजेच तिची पेन्शन. दर साडेसहा टक्के मिळाला तर महिना साधारण २५,०००. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी जो ठरलेला पर्याय आहे त्यात ही रक्कम आधी स्वतःला, मग जोडीदाराला, मग हयात असलेल्या अवलंबून आई-वडिलांना मिळते आणि शेवटी मूळ भांडवल मुलांना परत जातं.

२५,००० ऐकून बरं वाटतं, पण हे २५,००० आयुष्यभर २५,०००च राहतात. त्यावर महागाई भत्ता नाही. किमती वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत राहिल्या तर १२ वर्षांत सगळं दुपटीने महाग होतं, आणि आजचे २५,००० तेव्हा साडेबारा हजारांचं काम करतील. जुन्या आणि नव्या पेन्शनीतला खरा फरक हाच. पहिल्या महिन्याच्या आकड्याची तुलना करून कोणी ‘फार काही फरक नाही’ म्हणालं तर त्याने पुढची वीस वर्षं धरलेली नाहीत.

म्हणून हातात येणाऱ्या त्या ६९ लाखांकडे बक्षीस म्हणून पाहणं चुकीचं आहे. ॲन्युइटीत जी महागाई मिळत नाही, तिची भरपाई करणारा साठा म्हणजे ही रक्कम. आपल्याकडे निवृत्तीचे पैसे आले की घरावर मजला चढतो, धाकट्याचं लग्न थाटात होतं, आणि कुणीतरी पुतण्या प्लॉटचा कागद घेऊन येतोच. करू नका असं म्हणत नाही. पण यातला निदान अर्धा भाग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेसारख्या ठिकाणी आणि थोडा वाढत्या गुंतवणुकीत राहिला पाहिजे, म्हणजे पंच्याहत्तरीत औषधांसाठी मुलाकडे हात पसरावा लागत नाही.

एनपीएसवाल्यांना न सांगितल्या जाणाऱ्या दोन गोष्टी. पहिली, ग्रॅच्युइटी. ‘नव्या पेन्शनीत ग्रॅच्युइटी नाही’ असं छातीठोक सांगणारे अजून भेटतात. केंद्राने २६ ऑगस्ट २०१६ च्या आदेशाने एनपीएसमधल्या कर्मचाऱ्यांनाही ती दिली. हिशेब असा: प्रत्येक पूर्ण सहामाहीला बेसिक-अधिक-महागाईचा चौथा हिस्सा, कमाल साडेसोळा महिन्यांचं वेतन. ३० वर्षांच्या सेवेत ६० सहामाह्या, म्हणजे १५ पगार. शेवटचं बेसिक आणि महागाई ९०,००० असेल तर साडेतेरा लाख. केंद्रात ही मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख आहे. राज्याच्या कमाल रकमेसाठी राज्याचा आदेश बघायचा. दुसरी गोष्ट, सेवेत असताना मृत्यू आला तर. केंद्राच्या २०२१ च्या एनपीएस नियमांत कर्मचाऱ्याला आधीच एक पर्याय भरून ठेवता येतो: कुटुंबाला जुन्या नियमांप्रमाणे कुटुंब निवृत्तीवेतन हवं की एनपीएसमधला साठा. नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली असतील तर साठा लहान असतो, तेव्हा कुटुंब निवृत्तीवेतन कितीतरी पटींनी बरं. आपल्या पालिकेत हा फॉर्म भरून घेतात का, हे आस्थापना विभागात आजच विचारण्यासारखं आहे.

आणि यूपीएसचं काय? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली, १ एप्रिल २०२५ पासून ती लागू झाली. २५ वर्षं सेवा असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मी पेन्शन, १० वर्षं असेल तर किमान १०,०००, माघारी जोडीदाराला तिच्या ६० टक्के, आणि या सगळ्यावर महागाई. ऐकायला जुन्या पेन्शनीसारखं. पण कर्मचाऱ्याचे १० टक्के कापणं सुरूच राहतं. शिवाय जमलेल्या साठ्यातून ६० टक्के काढून घेतले की पेन्शन त्या प्रमाणात घटते. ही योजना केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे आणि राज्यांना ती स्वीकारायची मुभा आहे. दिल्लीचा फॉरवर्ड वाचून कुठलाही पर्याय भरायला धावू नका. आपल्या नगरविकास खात्याचा कागद हातात येईपर्यंत एनपीएसचेच नियम धरून चला.

कंत्राटदाराकडचा माणूस

तिघांत सगळ्यात जास्त फसतो तो हा, कारण त्याच्यासाठी कायदे आहेत हेच त्याला कुणी सांगत नाही. ८ जानेवारी २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने नगरपालिका आणि महापालिकांतल्या, ज्यांना दुसरी कुठली पेन्शन किंवा भविष्यनिधी नाही अशा कर्मचाऱ्यांना ईपीएफचा, म्हणजे कर्मचारी भविष्यनिधीचा, कायदा लागू झाला. कंत्राटदारामार्फत आलेलाही त्यात मोडतो. कंत्राटदाराने पैसे भरले नाहीत तर मुख्य मालक म्हणून पालिकेला हात झटकता येत नाहीत.

स्लिपवर १२ टक्के त्याचे, १२ टक्के मालकाचे. मालकाच्या १२ मधले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ३.६७ भविष्यनिधीत. पेन्शनीचा हिशेब १५,००० च्या मर्यादेपर्यंतच्या पगारावर होतो. मालकाचा वाटाही कामगाराच्याच पगारातून कापणारे कंत्राटदार असतात. ‘दोन्ही बाजूंचं तूच भर’ म्हणतात. ते बेकायदा आहे. १२ आकडी यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक, मोबाइलशी जोडून घ्या, म्हणजे पासबुक घरबसल्या दिसतं आणि कोणत्या महिन्याचे पैसे आले नाहीत तेही.

आता तो ‘पीएफ काढून मोकळं व्हा’ वाला सल्ला. पेन्शन योजनेचं सूत्र असं: सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. आपल्या कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाचं १५,००० आणि १४ वर्षं धरलं तर महिना बरोबर ३,००० रुपये, ५८ व्या वर्षापासून, हयातभर, आणि मागे पत्नीलाही त्यातला भाग. ३,००० फार नाहीत, कबूल. पण १० वर्षं पुरी झाल्याशिवाय हे मिळतच नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी कंत्राट बदलतं, नवा कंत्राटदार नवा यूएएन काढतो, जुन्या खात्यातले पैसे पेन्शनीच्या भागासकट काढून घेतले जातात, आणि सेवेची वर्षं पुसली जातात. मग १४ वर्षं राबलेल्या माणसाची पेन्शनीसाठीची सेवा निघते २ वर्षं. नवा कंत्राटदार आला की जुनाच यूएएन द्यायचा, आणि जुनं खातं नव्याला जोडून घ्यायचं. अगदी पैशांची निकड असेल तर भविष्यनिधीतून अग्रिम काढा, पेन्शनीच्या भागाला हात लावू नका. २० वर्षं ओलांडली तर २ वर्षं बोनस म्हणून सेवेत धरतात, तोही फायदा आहे.

यातच एक विमा दडलेला असतो. सेवेत असताना कामगार गेला तर ठेवीशी जोडलेल्या विमा योजनेतून वारसाला जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत मिळू शकतात, आणि त्यासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसा कापला जात नाही. गटारात उतरणाऱ्या, रस्त्यावर पहाटे झाडू मारणाऱ्या माणसाच्या घरच्यांना हे माहीत असायलाच हवं.

दवाखान्याचा खर्च

कंत्राटी कामगारापासूनच सुरुवात करू. महिना २१,००० पर्यंत पगार असेल आणि कंत्राटदाराची आस्थापना ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असेल तर कामगाराचे पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के घालतो, आणि कामगाराला व त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. मडगावला ईएसआयचं रुग्णालय आहे. आजारपणात रजा पडली तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भरपाई मिळते, त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. आणि फार थोड्यांना ठाऊक असलेली सोय: किमान ५ वर्षं विमेदार राहून निवृत्त झालेल्याला, वर्षाला अवघे १२० रुपये भरून, स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयचे उपचार पुढे सुरू ठेवता येतात. शंभर-सव्वाशे रुपयांत इतकं देणारा मेडिक्लेम बाजारात नाही.

ज्यांना ईएसआय नाही त्यांच्यासाठी राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, २०१६ ची. किमान ५ वर्षं गोव्यात राहणाऱ्यांसाठी. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. यादीतल्या उपचारांना, यादीतल्या रुग्णालयांत. कार्डाची मुदत संपलेली आहे हे बहुतेकांना ॲडमिट होताना कळतं, म्हणून आत्ता कपाट उघडून तारीख बघा.

कायम कर्मचाऱ्याचं गणित निराळं. गोव्यातली पद्धत केंद्राच्या १९४४ च्या वैद्यकीय परिचर्या नियमांच्या धाटणीची, म्हणजे आधी खर्च करा, मग बिल लावा. हा विमा नव्हे. ही भरपाई आहे, आणि दोन्हींत फार अंतर आहे. विम्यात रुग्णालय थेट कंपनीकडून पैसे घेऊ शकतं. भरपाईत आधी तुमच्या खिशातून जातात, आणि परत मिळतात ते मान्य दरांनी. खासगी रुग्णालयाचं बिल २ लाख ८० हजार आणि मान्य दर १ लाख ६० हजार असेल तर मधले १ लाख २० हजार तुमचे. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) किंवा जिल्हा रुग्णालयात उपचार घेतले तर हा प्रश्न फारसा येत नाही. खासगीत जावं लागलं तर तातडी होती हे कागदावर दिसलं पाहिजे: किती वाजता, कोणत्या अवस्थेत आणलं, हे केसपेपरवर लिहून घ्या. डॉक्टरांचं अत्यावश्यकता प्रमाणपत्र लागतं, बाह्यरुग्णाला ‘अ’ आणि भरती झालेल्याला ‘ब’. औषधांची मूळ बिलं, नावासकट. बेळगाव, मुंबईला न्यायचं असेल तर शक्य तिथे परवानगी आधी. फाइल परत येते ती बहुधा रकमेसाठी येत नाही, एखाद्या सही-शिक्क्यासाठी येते.

आणि आता दोन्ही कायम कर्मचाऱ्यांची समान अडचण. १९४४ चे ते नियम सेवेत असलेल्यांसाठी आहेत, निवृत्तांसाठी नाहीत. साठाव्या वर्षी, नेमकं रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या सुरू झालेल्या असताना, आधार जातो. निवृत्तांसाठी पालिकेचा किंवा राज्याचा वेगळा आदेश असेल तर त्याची प्रत मिळवून ठेवा. पण त्यावर सगळी भिस्त नको. ‘सरकारी माणसाला मेडिक्लेम कशाला’ याचं उत्तर हेच: नोकरीत असताना कदाचित नको, पण निवृत्तीनंतर हवाच, आणि निवृत्तीनंतर तो महाग आणि अडचणीचा होतो.

म्हणून पन्नाशीच्या आसपास, सगळे रिपोर्ट बरे असताना, स्वतःच्या नावाची कुटुंबाची पॉलिसी घ्यावी. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३ वर्षं असू शकते. पंचावन्नाव्या वर्षी घेतली तर साठीपर्यंत ती उलटून गेलेली असते. सलग ५ वर्षं हप्ते भरल्यावर कंपनी ‘तुम्ही आजार लपवला होता’ म्हणून, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, दावा नाकारू शकत नाही. तरी फॉर्ममध्ये मधुमेह आहे तर आहे लिहा. एजंट ‘राहू दे’ म्हणाला तरी लिहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा. पॉलिसीत एक ओळ मात्र शोधून वाचा: खोलीभाड्याची मर्यादा. ती रोज ५,००० असेल आणि तुम्ही १०,००० ची खोली घेतलीत, तर कंपनी खोलीचे अर्धे कापून थांबत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर अशा बाकीच्या खर्चालाही तेच प्रमाण लावते. लोकांची सगळ्यात जास्त भांडणं याच ओळीवरून होतात.

घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील असतील तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न घालता ७० वर्षांवरच्या सर्वांना आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. आधार कार्ड लागतं, मोबाइलवरून किंवा रुग्णालयात जाऊन कार्ड काढता येतं.

जाता जाता एक कराची गंमत, कारण पालिकेचा माणूस इथे खरोखरच मधल्या मध्ये सापडतो. ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विकून आलेली रक्कम, या दोन्हींच्या पूर्ण करमाफीत कायदा सरकारी कर्मचाऱ्यांबरोबर स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही धरतो. शिल्लक रजेच्या पैशांना मात्र पूर्ण माफी फक्त केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना. पालिकेवाल्याला इतरांसारखी मर्यादा लागते, कमाल २५ लाख आणि दहा महिन्यांच्या सरासरी पगारापर्यंत. साधारण ३०० दिवसांची रजा दहा महिन्यांतच बसते, त्यामुळे बहुतेकांना प्रत्यक्षात फटका बसत नाही, पण विवरणपत्र भरणाऱ्याला ‘मी सरकारी’ एवढंच सांगू नका, ‘पालिकेचा’ सांगा.

निवृत्तीला वर्ष उरलं की सेवापुस्तिका मागवून स्वतः चाळा. जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का, मधल्या बिनपगारी रजांची नोंद, पहिल्या नेमणुकीचा आदेश चिकटवलेला आहे का, आणि वारसाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे. लग्नाआधी आईचं नाव टाकलेलं असतं आणि ते तसंच राहतं. एनपीएस, ईपीएफ, ग्रॅच्युइटी, बँक, विमा या सगळ्यांचे वारस वेगवेगळे भरायचे असतात. एका ठिकाणी बदललं म्हणजे बाकीकडे बदललं असं होत नाही. पेन्शनीसाठी बँकेत पती-पत्नीचं संयुक्त खातं उघडून ठेवलं तर पुढे कुटुंब निवृत्तीवेतन सुरू करताना एक खेप वाचते. आणि पेन्शन सुरू झाली की दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. अंगठ्याचा ठसा किंवा चेहरा दाखवून मोबाइलवरूनही तो देता येतो, फक्त पहिल्यांदा नातवाला शेजारी बसवा.